कांदा का वाचला?

१

घेवड्याच्या वेलांनी नुसत्या माना टाकल्या असत्या तर कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. माना टाकलेला वेल पाणी पाजलं की संध्याकाळपर्यंत उठून उभा राहतो. हे वेल पिळवटले होते. धुतलेला कपडा पिळावा तसे देठ स्वतःभोवती फिरले होते, पानं वाटीसारखी आत वळली होती आणि टोमॅटोचे शेंडे जमिनीकडे तोंड करून लोंबत होते. नदीच्या डाव्या काठावरच्या जवळजवळ सगळ्या मळ्यांची ही गत. त्यानंतर बंधाऱ्याच्या वरच्या संथ पाण्यात मेलेले मासे तरंगायला लागले, आणि गावानं फार डोकं न खाजवता गुन्हेगार ठरवून टाकला.

गुन्हेगार म्हणजे माझी नणंद.

आमच्या ह्यांनी फोनवर मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पार पडला होता. ताईची शेड कायमची बंद करतायत, परवा दुपारी पाणी समितीची बैठक आहे, तू काहीतरी कर. हे स्वतः कामासाठी परगावी. बहीण ह्यांची आणि धावायचं मी, हे आमच्या घरात पहिल्यापासून चालत आलंय.

मी पिकांची डॉक्टर आहे. लोक रोगट पानं, मुळं, फळं पिशवीत घालून आमच्या केंद्रात आणतात आणि मी त्यांना काय झालंय ते सांगते. माझं लग्न ठरलं त्या दिवसापासून वन्संचं, म्हणजे माझ्या या थोरल्या नणंदेचं, आणि माझं पटलेलं नाही. त्यांना वाटतं मी फार बोलते. मला वाटतं त्या कुणाचं ऐकतच नाहीत. पण न पटणं वेगळं आणि पुरावा न बघता एका बाईचं काम हिसकावून घेणं वेगळं. मी रजा टाकली आणि सकाळच्या गाडीनं निघाले.

तिथली रचना सोपी आहे. नदी वरून येते ती आधी वन्संच्या कापड रंगवायच्या शेडजवळून. मग एक मोठं वळण घेते, तिथे पाणी आळसावतं, आणि पुढे बंधाऱ्याला येऊन अडतं. बंधाऱ्यातून कालवा निघतो, तो डाव्या काठावरच्या भाजीच्या मळ्यांना पाणी देतो. वर चढावर धान्याची शेतं आहेत, त्यांचं पावसावर भागतं. म्हणजे शेडचं सांडपाणी आधी नदीत, मग कालव्यात, मग घेवड्याच्या मुळाशी. हिशेब इतका सरळ होता की तो तपासायची कुणाला गरजच वाटली नव्हती.

स्टँडवर मला पाणी समितीचे अध्यक्षच भेटले. वरची धान्याची शेतंही त्यांचीच आणि खाली एक मळाही. माणूस वाईट नाही, पण एकदा मत बनलं की त्याला खिळा ठोकून ठेवतो. त्यांनी मला सांगितलं की सगळं गाव एका बाजूला आहे, फक्त बंधाऱ्याची दारं सांभाळणारे बंधारेकाका तेवढे अडून बसलेत. या बाईच्या पाण्यानं हे झालेलंच नाही, असं ते ज्याला त्याला सांगत सुटलेत. मऊ काळजाचा म्हातारा, असं अध्यक्ष म्हणाले. इतक्या लोकांत एक तरी माणूस वन्संच्या बाजूनं आहे, याचं मला बरं वाटलं.

"तुम्ही उगाच त्रास घेऊ नका ताई," अध्यक्ष जाता जाता म्हणाले. "तुमच्या नणंदेनं कबूलच केलंय."

२

मी तडक शेड गाठली. वन्सं रिकाम्या हौदाच्या कठड्यावर बसल्या होत्या, कोपरापर्यंत हात निळे. दोरीवर अर्धवट रंगलेलं कापड तसंच वाळून कडक झालेलं. नळाला समितीनं कुलूप घातलं होतं. शेडमध्ये काम करणाऱ्या बायका कोपऱ्यात घोळक्यानं बसून होत्या.

मला बघून वन्संनी भुवई उंचावली. "आल्या डॉक्टरीणबाई. तुला त्यानंच पाठवलं असेल."

मी म्हटलं, पाठवलं कुणी ते जाऊ द्या, कबूल काय केलंत ते सांगा.

"जे केलं ते. निळा हौद रिकामा करताना गाळाचा खड्डा भरून वाहिला. नदीत निळी रेघ गेली. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. खोटं बोलू?"

"आणि पुढचं? पिकांचं, माशांचं?"

"पुढचं त्यांनी विचारलंच नाही."

कपाळावर हात मारून घ्यावा असं वाटलं. ही बाई अशीच आहे. अर्धं वाक्य खरं बोलते, उरलेलं बोलायचा कंटाळा करते आणि लोक त्यात आपल्याला हवं ते भरतात. नवरा सोडून गेला तेव्हाही हिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. ही शेड तिनं त्यानंतर स्वतःच्या हातानं उभी केली, पहिले हौद स्वतः बांधले. शेड गेली तर काय करणार, असं मी विचारलं. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या की मग तुमच्याकडे येऊन राहीन. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि शेड वाचलीच पाहिजे यावर आमचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं.

मग मी त्यांना घेऊन मळ्यांकडे गेले. कालव्याच्या कडेला एक मोठा मळा टोमॅटोवाल्या काकूंचा. काकू घरी नव्हत्या, पण बांधावरून सगळं दिसत होतं. टोमॅटो पिळवटलेला, घेवडा पिळवटलेला, काकडीचे वेल वेडेवाकडे. मी वाकून बघत पुढे सरकत होते आणि एकदम थांबले.

घेवड्याच्या ओळींच्या मधोमध कांदा लावलेला होता. हिरवागार, ताठ. पलीकडे मक्याची रांग होती, तीही टणटणीत. एकच वाफा, एकच माती, एकच पाणी.

मी तिथेच मातीत बसकण मारली. रंगाचं पाणी असं निवड करत नाही. त्यातला क्षार, त्यातली रसायनं मुळाला लागली तर घेवडा करपेल आणि कांदाही करपेल, आधी पानांची टोकं जळतील. इथे जळलेलं काहीच नव्हतं. रुंद पानांची झाडं तेवढी पिळवटली होती आणि अरुंद पानांच्या झाडांच्या केसालाही धक्का लागलेला नव्हता. असं वागणारं औषध मला चांगलं ठाऊक आहे. गवताच्या जातीची धान्यं राखून त्यातलं रुंद पानांचं तण मारायचं, यासाठीच ते बनवतात.

"वन्सं," मी म्हटलं, "हे तुमचं काम नाही. कुणीतरी तणनाशक वापरलंय."

३

आता तणनाशक म्हटल्यावर संशय कुणावर जावा? डाव्या काठावर एकच मळा धडधाकट होता, आणि तो निवांतचा.

त्याचं खरं नाव त्याच्या आईलाही आठवत नसेल. सगळे त्याला निवांत म्हणतात, कारण त्याला कधी घाई झालेली कुणी पाहिलेली नाही. शेजाऱ्यांचा घेवडा मेला आणि याचा शेंगांनी लगडलाय, म्हटल्यावर गावात कुजबूज होतीच. अध्यक्षांशी त्याचं पाण्याच्या पाळीवरून भांडणही झालेलं. मी गेले तेव्हा तो बांधावर पाय पसरून बसला होता आणि मला बघून उठायचा विचार करत होता.

त्याला आडवंतिडवं बरंच विचारलं. तणनाशक वापरतोस का? तो हसला आणि त्यानं आपल्या वाफ्यांकडे हात केला. घेवड्याच्या पायाशी गुडघाभर तण माजलेलं होतं. तणनाशक वापरलं असतं तर हे दिसलं असतं का, असं त्याचं म्हणणं, आणि ते मला खोडता येईना. शेजाऱ्यांच्या मळ्यात कुणी काही टाकताना दिसलं का, यावर तो म्हणाला की दिसायला डोळे उघडे ठेवावे लागतात.

त्याचं पाणी वेगळ्या ठिकाणाहून येतं का, हे मी शेवटी विचारलं. तो म्हणाला, छे, कालव्याचंच. उलट त्याची पाळी सगळ्यांच्या आधी असते. कालवा बंधाऱ्यातून निघाला की पहिलं पाणी त्याच्या मळ्यात शिरतं, मग काकूंकडे, मग पुढे.

मी उठून कालव्याच्या काठानं चालत त्याच्या पाटापर्यंत गेले. खरं होतं. नदीचं जे पाणी काकूंच्या टोमॅटोला मिळत होतं तेच आधी निवांतच्या घेवड्याला मिळत होतं. आणि निवांतचा घेवडा तणात उभा राहून मजेत होता.

माझ्या डोक्यात सकाळपासून जे उभं राहिलं होतं ते सगळं कोसळलं. समितीनं नळाला कुलूप घातलं ते पाण्यामुळे. वन्संवर आळ आला तो पाण्यामुळे. मीही तणनाशक शोधत होते ते पाण्यातच. आणि विष पाण्यातून आलेलंच नव्हतं.

४

मग कशातून? वाऱ्यातून म्हणावं तर वरच्या धान्याच्या शेतांना सगळ्यात जवळचा मळाही निवांतचाच. वाऱ्यानं आलं असतं तर आधी त्याचा घेवडा आडवा झाला असता.

टोमॅटोवाल्या काकू संध्याकाळी भेटल्या. डोळे सुजलेले. त्या वन्संना दारात बघून आत जायला निघाल्या, तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं की काकू, मला तुमच्या मळ्यातून एकदा हिंडवून आणा, मग हवं तर आम्हा दोघींना हाकलून द्या. वन्सं बाहेरच थांबल्या.

काकूंचा मळा म्हणजे आरशासारखा. एक काडी इकडची तिकडे नाही. त्या रडत रडत दाखवत होत्या, ही ओळ मी अशी लावली, ही अशी राखली. कोपऱ्यात, अगदी कुंपणाशी, घेवड्याची एक आखूड ओळ होती आणि ती हिरवीगार उभी होती. मी विचारलं, ही कशी वाचली? काकू म्हणाल्या, तिच्याकडे माझं लक्षच नाही, तिथपर्यंत पांघरूण पुरलं नाही.

पांघरूण. या काठावर सगळे तसंच म्हणतात. उन्हाळा लागला की नदीत माजलेली जलपर्णी काढायची आणि भाजीच्या वाफ्यांवर जाडसर अंथरायची. ओल टिकते, तण येत नाही, कुजली की खत होतं. पद्धत चांगली आहे. मळ्यातलं खत पावसानं वाहून नदीत जातं, त्यावर जलपर्णी माजते, आणि ती परत मळ्यात आणली की नदी मोकळी आणि माती सुपीक. बंधारेकाका बोटीतून दाताळ्यानं जलपर्णी ओढून काठावर ढीग लावतात आणि मळेवाले आपापल्या गाड्या भरून नेतात.

मी आखूड ओळीपाशी गुडघ्यावर बसले. पांघरूण जिथे संपलं होतं तिथेच पिळवटणं संपलं होतं, पट्टीनं आखावं तसं. मग आठवलं, निवांतच्या मळ्यात तण होतं ते उघड्या मातीवर. या माणसानं पांघरूण घालायचा कंटाळा केला होता. ज्यानं कष्ट केले त्याचं गेलं आणि जो लोळत राहिला त्याचं राहिलं, मला तर संतापच आला.

यंदाही ढिगातूनच नेलं का, असं मी विचारलं. काकूंनी डोळे पुसले. यंदा ढीग नव्हताच. जलपर्णी एकदम वळणावरून वाहत आली आणि बंधाऱ्याला येऊन अडकली, तिथूनच सगळ्यांनी काढून नेली. जरा मऊ वाटत होती, पण हिरवी होती. काका तिथेच उभे होते.

"काही म्हणाले का?"

"म्हणाले, यंदा राहू द्या, वाळू दे जरा. मी म्हटलं, काका, वाळल्यावर काय चुलीत घालू? सगळे हसले. मग ते गप्प बसले."

५

रात्रभर मला त्या गप्प बसण्यानं छळलं. सकाळ झाल्या झाल्या मी अध्यक्षांच्या घरी गेले. त्यांच्या धान्याच्या शेतात तणनाशक वापरतात हे उघडच होतं. मी सरळ विचारलं की ते कुणाला दिलंत का.

त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझाच टोमॅटो मेलाय आणि तुम्ही मलाच विचारता, वगैरे सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या मळ्यात पांघरूण होतं का, असं विचारलं तर म्हणाले, अर्थात होतं, चांगलं जाड. मग थोडे थंड झाल्यावर आपणहून म्हणाले की एक डबा दिला होता खरा, बंधारेकाकांना. बंधाऱ्याच्या भिंतीवर गवत माजलंय, दगड खिळखिळे होतात, म्हणून काका मागायला आले होते. अध्यक्षांनी तेव्हाच सांगितलं होतं की हे गवतावर चालत नाही. काका म्हणाले, हेच द्या, बघतो करून.

गवतावर न चालणारं हे औषध रुंद पानांच्या जलपर्णीवर मात्र हमखास चालतं. मी तिथून उठले ती थेट बंधाऱ्यावर.

भिंतीवर गवत होतं. दाट, हिरवं, वाऱ्यावर डुलणारं, एक पातंसुद्धा पिवळं पडलेलं नाही. भिंतीच्या वरच्या अंगाला पाण्यावर जलपर्णीचा तपकिरी लगदा साचला होता आणि त्याला वास येत होता. मासे तिथेच मेले होते. शेडजवळ पाणी वाहतं तिथे एकही नाही, बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं त्याच्या खालीही नाही. इतकी जलपर्णी एकदम सडली की पाण्यातली हवा संपते आणि मासे गुदमरतात. नदीला रंगानं नव्हे, या सडक्या गालिच्यानं मारलं होतं.

काका दारांच्या चाकापाशी उभे होते. मला बघून त्यांनी उजव्या हातानं चाक धरलं. डावा हात अंगाशी तसाच लोंबत राहिला.

६

त्यांनी मला बसायला बाकडं दिलं. मी बसले नाही.

"सगळं गाव वन्संवर खापर फोडत होतं आणि तुम्ही एकटे ठामपणे सांगत होतात की हे तिचं नाही," मी म्हटलं. "मला काल वाटलं, किती चांगला माणूस. पण काका, एवढी खात्री कशी होती तुम्हाला?"

त्यांनी नाकबूल केलं नाही. खांदा गेल्या थंडीपासून धरला होता. दाताळं उचलत नव्हतं. सांगितलं असतं तर समितीनं दुसरा माणूस नेमला असता, आणि बंधाऱ्यावरची खोलीही गेली असती. म्हणून त्यांनी वळणावर, जिथे कुणी फिरकत नाही, बोटीतून फवारणी केली. जलपर्णी तिथल्या तिथे मरून तळाशी बसेल असा त्यांचा अंदाज. पण वर कुठेतरी पाऊस झाला, पाणी चढलं, दारं उघडावीच लागली, आणि औषध प्यायलेली जलपर्णी हिरवीच्या हिरवी बंधाऱ्याशी आली. मागोमाग मळेवाले गाड्या घेऊन हजर.

"एक वाक्य बोलायचं होतं काका. फवारलंय, नेऊ नका. एवढंच."

"म्हणालो ना, वाळू द्या."

"ते वाक्य नव्हतं. ती पळवाट होती."

रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो, असं ते म्हणाले. मग वेल पिळवटले, मग मासे मेले, आणि दर दिवशी ते सांगणं आदल्या दिवसापेक्षा जड होत गेलं. शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली की तिची बाजू तर आपण घेतोय, म्हणजे झालं. मला त्यांची दया आली, आणि राग त्याहून जास्त आला. आयुष्य नदीवर घालवलेल्या माणसानं नदीच नासवली होती आणि वर तो एका बाईला बळी जाऊ देत होता.

मग त्यांनी मला विनवलं. तणनाशक वरच्या शेतातून वाऱ्यानं आलं असं तू म्हण सूनबाई. तू डॉक्टर आहेस, तुझ्यावर कुणी शंका घेणार नाही. तुझी नणंद सुटेल, माझी खोली राहील, कुणाचंच नुकसान नाही.

खोटं नाही सांगत, क्षणभर ते मला सोपं वाटलं. पण मग यंदाचं पांघरूण मळ्यातच पडून राहिलं असतं, नदी सडतच राहिली असती, आणि पुढच्या वर्षी जलपर्णी माजली की आणखी कुणीतरी डबा घेऊन बोटीत बसलं असतं.

"दुपारी बैठक आहे," मी म्हटलं. "तुम्ही बोला, नाहीतर मी बोलेन."

७

समितीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. काकांची खुर्ची रिकामी होती.

अध्यक्षांनी ठराव वाचायला घेतला तेव्हा मी उभी राहिले. कांदा का वाचला, इथून सुरुवात केली. मग निवांतचा घेवडा. त्याला पाणी सगळ्यांच्या आधी मिळतं हे सांगितल्यावर खोलीतली चुळबूळ थांबली. मग काकूंची आखूड ओळ, जिथे पांघरूण संपतं तिथे रोग संपतो. ज्यांचं ज्यांचं पीक गेलं त्या प्रत्येकाला मी विचारलं, पांघरूण होतं? प्रत्येक जण हो म्हणाला. अध्यक्षांचा चेहरा उतरत चालला होता, डबा आठवला असणार.

"म्हणजे फवारलेली जलपर्णी आपण स्वतः वाफ्यांवर अंथरली," ते हळूच म्हणाले. "पण फवारली कुणी?"

मी दाराकडे बघितलं. माझ्या तोंडात नाव आलं होतं. मला ते उच्चारावं लागू नये असं फार वाटत होतं.

"मी फवारली," दारातून आवाज आला.

काका आत आले आणि उभ्याउभ्या सगळं बोलले. खांद्याचं, बोटीचं, गाड्या भरताना गप्प राहिल्याचं. सबब एकही सांगितली नाही. काकू तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. बंधाऱ्यावरच्या खोलीच्या किल्ल्या काकांनी अध्यक्षांपुढे ठेवल्या आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

अध्यक्षांनी घसा साफ केला. आता ठरावाचा प्रश्नच येत नाही, शेड उद्यापासून सुरू करायला हरकत नाही, झालं गेलं विसरून जाऊ, असं काहीतरी ते बोलायला लागले. लोक उठायला लागले.

"बसा," वन्सं म्हणाल्या.

सगळे बसले. या बाईचा आवाज मी इतकी वर्षं ऐकतेय, पण असा कधी ऐकला नव्हता.

"माझा खड्डा भरून वाहिला, ती चूक माझी. उद्या तो मोठा करून घेते. पण आज मतदान होणार होतं ना? मग होऊ दे. सकाळपर्यंत ज्यांचा हात माझ्याविरुद्ध वर जाणार होता, त्यांनी आत्ता वर करा. मला बघायचंय."

अध्यक्ष म्हणाले, कशाला आता. वन्सं नुसत्या उभ्या राहिल्या. मग काकूंनी हात वर केला, रडतच. मग त्यांच्या शेजारच्यानं. निवांतनंही केला आणि जमिनीकडे बघत राहिला. एकेक करत खोलीभर हात झाले. अध्यक्षांचा सगळ्यात शेवटी गेला. काकांचा हात खालीच होता.

वन्सं त्यांच्याकडे वळल्या. "तुमचा नाही?"

"माझा कधीच वर गेला नसता, पोरी."

"माहितीये," वन्सं म्हणाल्या. "म्हणून तुमचंच सगळ्यात जास्त लागलं."

काकांनी मान खाली घातली. वन्संनी त्यांना तसंच सोडलं आणि खोलीकडे तोंड केलं. हात अजून वरच होते, खाली घ्यायचं धाडस कुणाला होईना.

"हे हात उद्या सकाळी बंधाऱ्यावर घेऊन या. वळणापासून भिंतीपर्यंत जे सडतंय ते सगळं बाहेर काढायचंय. मळ्यातलं पांघरूणही उचलायचं, आणि दोन्ही कुठेतरी लांब, पीक नसेल तिथे टाकायचं. नदी मेली तर माझे हौद कोरडे आणि तुमचे वाफेही."

सकाळी मी गेले तेव्हा वन्सं कमरेइतक्या पाण्यात होत्या. सगळे आले नव्हते, पण अध्यक्ष होते, काकू होत्या, शेडमधल्या बायका होत्या, आणि निवांतही आला होता, चक्क वेळेवर. वास असा की सगळ्यांनी नाकाला फडकी बांधली होती. मी पदर खोचला आणि उतरले. वन्संनी माझ्याकडे बघून सांगितलं की दाताळं उलटं धरलंय. मी म्हटलं, बरोबर धरलंय. ते उलटंच होतं.

थोड्या वेळानं काका आले आणि काठावर उभे राहिले. कुणी त्यांना ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. वळणावर गालिचा कुठून सुटतो आणि कुठे तळाशी धरून बसतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आम्ही सगळे नुसतेच जिथे हात पोचेल तिथे ओढत होतो. वन्सं मध्येच थांबल्या. त्यांनी काकांकडे बघितलं नाही, पण विचारलं त्यांनाच.

"आता कुठून ओढायचं?"

काकांनी उजवा हात उचलून दाखवलं, आणि आम्ही सगळे तिकडे सरकलो.